कुंडींतील शेवंतीची नवी जात कशी तयार करावी

शेवंतीचें फूल महाराष्ट्रांत कोणास परिचित नाहीं? दसरा-दिवाळीचे हार, मार्गशीर्षांतील गुरुवारची पूजा, लग्नसराईंतील वेण्या, या सर्वांस तें लागतें. आणि झिपरी, राजा, सोनाली तारा या जाती बाजाराकरितां लावणारे बागाईतदार आपल्यांत पुष्कळ आहेत. परंतु फुलें तोडून वजनावर विकणें हा एक धंदा, आणि फुलांनीं भरलेलें झाड कुंडीसह विकणें हा दुसरा. पहिल्यांत भाव पडला म्हणजे तोडणीची मजुरीसुद्धां निघत नाहीं, व तोडलेला माल फार दिवस ठेवतां येत नाहीं. दुसऱ्यांत माल जिवंत असतो. आज गिऱ्हाईक आलें नाहीं तर तो उद्यां विकतां येतो.

हा दुसरा धंदा करूं पाहणाऱ्यास पहिली अडचण ही येते कीं, कुंडीस योग्य अशी जात त्याच्याजवळ नसते. दुसऱ्या प्रांतीं उत्तम दिसलेली जात आपल्याकडे एक तर उंच वाढून लवंडते, किंवा नको त्या वेळीं फुलते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे आपल्या मातींत व आपल्या आकाशाखालीं आपली जात आपणच तयार करणें. हें काम केवळ शास्त्रज्ञांचें आहे असा समज आहे. तो खरा नाहीं. त्यास भांडवल थोडें व जागा त्याहूनही थोडी लागते. मात्र चार वर्षांची चिकाटी व चोख दप्तर या दोन गोष्टींवांचून तें सिद्धीस जात नाहीं. प्रस्तुत लेखकाची उमेद महसुली दप्तरांत गेली असल्यामुळें या दुसऱ्या गोष्टीविषयीं दोन शब्द अधिक लिहिले गेल्यास वाचकांनीं क्षमा करावी.

पूर्वेतिहास

शेवंतीचें मूळ घर चीन देश. तेथून ती जपानांत गेली, व सोळा पाकळ्यांची शेवंती हेंच तेथील सम्राटाच्या घराण्याचें चिन्ह ठरलें. इ. स. १७८९ मध्यें मार्सेय बंदरांतील ब्लँकार्ड नांवाच्या व्यापाऱ्यानें चीनमधून तीन जाती फ्रान्स देशांत नेल्या; पैकीं एकच जगली. पुढें १८४६ मध्यें रॉबर्ट फॉर्च्यून यानें चीनच्या चुसान बेटावरील लहान फुलाची एक शेवंती इंग्लंडांत पोंचविली, व तिच्यापासून फ्रान्सच्या माळ्यांनीं गेंदेदार लहान फुलांच्या जाती काढल्या. त्या वेळीं आनुवंशशास्त्राचा जन्मही झालेला नव्हता. बीं पेरावें, रोपें पाहावीं, चांगलें तेवढें ठेवावें, एवढ्याच रीतीनें हे लोक चालले.

आपल्या देशांत कुंडीच्या शेवंतीसंबंधानें लखनौ येथील राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेनें विशेष काम केलें आहे. शेंडा न खुडतां आणि काठीचा आधार न देतां ज्यांचें आपोआप गोल झुडूप बनतें अशा लहान फुलांच्या जाती तेथें निघाल्या. नव्या जातीचा विचार करणाऱ्यानें हाच आदर्श डोळ्यांपुढें ठेवावा. कारण शेंडे खुडणें व काठ्या बांधणें यांतच कुंडीवाल्याची बहुतेक मजुरी खर्च होते.

कोणते गुण पाहिजेत, तें आधीं लिहून काढावें

काय पाहिजे हें ठरविल्याशिवाय निवड होत नाहीं. सुंदर फूल दिसलें म्हणजे मन भुलतें आणि निरुपयोगी झाड मागें राहतें. याकरितां पुढील कलमें वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावीं:

(१) झाडाची उंची कुंडीच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट असावी, अधिक नसावी.
(२) शेंडा न खुडतां बुडापासून फांद्या फुटाव्या.
(३) फुलें आलीं असतां झाड काठीवांचून उभें राहावें.
(४) फुलें सर्व बाजूंस व एकाच सुमारास उमलावीं.
(५) कुंडी घरांत ठेविली असतां फुलांचा रंग निदान तीन आठवडे टिकावा.
(६) छाटांस मुळ्या लवकर व सारख्या फुटाव्या.

हें शेवटलें कलम बहुतेक लोक विसरतात. ज्या झाडाचे छाट धरत नाहींत, तें कितीही सुंदर असलें तरी एका कुंडीपलीकडे जात नाहीं; मग त्यापासून जात कशी होणार?

बियांपासून निरनिराळीं रोपें कां होतात

आपण शेवंती काश्यांनीं किंवा छाटांनीं लावितों. म्हणून एका जातीचीं हजार झाडें हे वस्तुतः एकाच झाडाचे हजार तुकडे होत. बीं पेरलें कीं हें साम्य संपतें. याचीं दोन कारणें आहेत. बहुतेक प्राण्यांत व वनस्पतींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेंतील शेवंतींत सामान्यतः सहा संच, म्हणजे एकंदर ५४ गुणसूत्रें असतात. सहा जोडांचे पत्ते एकत्र पिसून वांटल्यावर दोन हात सारखे येणें जसें दुर्मिळ, तसें येथें होतें. दुसरें कारण असें कीं, शेवंती सामान्यतः स्वतःच्या परागानें बीं धरीत नाहीं. तिला परक्या जातीचा पराग लागतो. एकाच जातीचा मोठा वाफा असूनही बीं कां सांपडत नाहीं, या प्रश्नाचें उत्तर यांत आहे: सर्व वाफा एकच झाड असल्यामुळें तेथें परका पराग असतच नाहीं.

रंगाविषयीं थोडें ध्यानांत ठेवावें. पिंवळा रंग एका द्रव्याचा, आणि गुलाबी व जांभळा दुसऱ्याचा. दोन्ही एकत्र आलीं म्हणजे तांबूस-तपकिरी छटा होते, व दोन्ही नसलीं म्हणजे फूल पांढरें. पांढऱ्या शेवंतींत पिंवळें द्रव्य नष्ट करणारा एक गुण असतो व तो पिंवळ्यावर मात करितो. यास्तव पांढऱ्या-पिंवळ्याच्या संकरांत पांढरीं रोपें पुष्कळ निघालीं तर नवल मानूं नये. निळी शेवंती मात्र संकरानें मिळणार नाहीं, कारण तो गुण शेवंतीच्या कुळांतच नाहीं. जपानी संशोधकांनीं २०१७ मध्यें जी निळी शेवंती प्रसिद्ध केली, तींत दोन परक्या झाडांचीं जनुकें घातलीं होतीं, आणि त्यांपैकीं एक झाड म्हणजे आपल्या कुंपणावरील गोकर्ण होय.

दिवसाचें मान व आपलें आकाश

शेवंतीस फुलण्याची वेळ दिवसाच्या लांबीवरून कळते. वस्तुतः रात्रीच्या लांबीवरून कळते असें म्हणणें अधिक बरोबर. रात्र पुरेशी मोठी झाली म्हणजे ती कळ्या धरूं लागते. दिवसाच्या लांबीचा वनस्पतींच्या फुलण्याशीं असलेला हा संबंध अमेरिकेंतील गार्नर व ॲलर्ड या दोघांनीं १९२० मध्यें प्रसिद्ध केला. मध्यरात्रीच्या सुमारास कांहीं तास दिवा लावल्यास रात्र तुटते व फुलें लांबतात. संध्याकाळीं लवकर काळें कापड घातल्यास रात्र वाढते व फुलें लवकर येतात. सडकेवरील दिव्याच्या उजेडांत ठेवलेल्या कुंड्या मागें कां पडतात, हें यावरून समजेल.

आतां लंडन येथें उन्हाळ्यांतील मोठा दिवस सुमारें साडेसोळा तासांचा व हिवाळ्यांतील लहान दिवस सुमारें आठ तासांचा असतो. पुण्याकडे मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा व लहान दिवस सुमारें अकरा तासांचा. म्हणजे तेथें फरक साडेआठ तासांचा, तर येथें सव्वादोन तासांचाच. प्रत्येक जातीची रात्रीची गरज निराळी असते; यामुळें परदेशांतील जात येथें अवेळीं फुलली तर दोष तिचा नव्हे. जी जात येथेंच निवडली, ती येथल्या दिवसमानानुसारच निवडली जाते. स्वतःची जात तयार करण्याच्या बाजूनें याहून मोठें प्रमाण दुसरें नाहीं.

संकराची कृति

ज्यास आपण शेवंतीचें एक फूल म्हणतों, तो शेंकडों बारीक पुष्पकांचा गुच्छ आहे. कडेचीं पाकळीसारखीं पुष्पकें केवळ स्त्रीजातीचीं. मधल्या चकतींतील पिंवळीं पुष्पकें उभयलिंगी. या मधल्या पुष्पकांत पराग आधीं बाहेर पडतो व स्त्रीकेसराचीं टोकें मागाहून उघडतात. पूर्ण गेंदेदार फुलांत चकती फारच लहान असते व पराग क्वचित् मिळतो. म्हणून ज्याची चकती स्पष्ट दिसते असें झाड पिता म्हणून घ्यावें. माता मात्र ठेंगणी, आपोआप फांद्या फोडणारी व छाटांस मुळ्या सहज फुटणारी अशी पाहून घ्यावी.

कृति अशी: नोव्हेंबर-डिसेंबरांत मातेची कुंडी ओसरीच्या कडेला, ऊन लागेल पण दंव पडणार नाहीं अशी ठेवावी. त्या झाडावर तीन-चार फुलें ठेवून बाकीचीं खुडावीं. फूल उमलूं लागलें म्हणजे बारीक कात्रीनें कडेच्या पाकळ्या आंखूड कापाव्या, म्हणजे त्यांच्या बुडाशीं असलेले स्त्रीकेसर उघडे पडतात. मधल्या चकतींतील पुष्पकें उमलण्यापूर्वींच चिमट्यानें काढून टाकावीं. मग मधमाशा येऊं नयेत याकरितां पातळ कागदाची पिशवी बांधावी. दोन-तीन दिवसांनीं स्त्रीकेसराचें टोंक दुभंगून बेचक्यासारखें दिसूं लागतें. तोच योग्य समय. कोरड्या दिवशीं सकाळीं दहा ते बाराच्या दरम्यान पित्याच्या फुलांतील ताजा पराग बारीक कुंचल्यानें त्यावर लावून पिशवी पुन्हां बांधावी. एक दिवस आड करून असें तीन वेळां करावें, कारण सर्व पुष्पकें एकाच दिवशीं तयार होत नाहींत. एका जातीचा कुंचला दुसऱ्या जातीस लावूं नये.

त्याच वेळीं देठास चिठ्ठी बांधावी. तींत प्रथम मातेचें नांव, नंतर पित्याचें, व तारीख लिहावी. पुढें पाणी बेताचें द्यावें. सहा ते आठ आठवड्यांत बीं पिकून बोंड वाळतें. तें कापून कागदाच्या पुडींत सावलींत वाळवावें. शेवंतीचें बीं लहान व फिकट तपकिरी असतें. झेंडूच्या बियांस असते तशी शेंडी त्यास नसते. पुष्कळसें फोल निघतें. नखानें दाबून जें टणक लागेल तेवढेंच घ्यावें. हें बीं जुनें झालें म्हणजे उगवत नाहीं, यास्तव त्याच हंगामांत पेरावें.

पेरणी व पहिली निवड

फेब्रुवारींत चाळलेलें कुजकें शेणखत, पोयटा व वाळू यांचें मिश्रण पसरट कुंडींत भरून बीं विरळ पेरावें व वर मातीचा अगदीं पातळ थर द्यावा. पांच ते दहा दिवसांत उगवण होते. चार-पांच पानें आलीं म्हणजे रोपें लहान पिशव्यांत घ्यावीं, उन्हाळाभर दुपारची सावली द्यावी, आणि पावसाळ्याच्या आरंभीं गादीवाफ्यावर एकेक फुटावर लावावीं. पाणी तुंबलें कीं शेवंती मरते, म्हणून वाफा उंच पाहिजे.

दोनशें रोपांस दोनशें चौरस फूट जागा लागते. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. म्हणजे एका गुंठ्याच्या पांचव्या हिश्शाहूनही हें कमी झालें. वाट सोडून पाव गुंठा पुरेसा होतो. जमीन नाहीं म्हणून हा प्रयोग राहिला, असें कोणाही खातेदारास म्हणतां येणार नाहीं.

रोपांचे शेंडे खुडूं नयेत. खुडल्यास आपोआप फांद्या कोणतें रोप फोडतें हें कळणार नाहीं. हिवाळ्यांत फुलें येऊं लागलीं म्हणजे वहींतील सहा कलमें घेऊन आठवड्यांतून एकदां वाफ्यावर फिरावें. जें रोप उंच, विरळ किंवा रोगट, तें फूल सुंदर असलें तरी निवडूं नये. दोनशेंतून दहा ठेवावीं. काढून टाकणें हेंच या कामांतील कठीण कर्म होय. ज्याच्यानें रोप उपटवत नाहीं, त्याच्यानें जात निघत नाहीं.

दुसऱ्या वर्षीं या दहांचे प्रत्येकीं दहा छाट सहा इंची कुंड्यांत लावून पाहावे. वाफ्यांत ठेंगणें दिसलेलें झाड कुंडींत कसें वाढतें, व दहाही झाडें सारखीं निघतात कीं नाहीं, हें तेव्हांच समजतें. तिसऱ्या वर्षीं दोन-तीन उरतील. त्यांच्या कांहीं कुंड्या आपल्या घरांत, कांहीं शेजाऱ्याच्या घरांत ठेवून फुलें किती दिवस टिकतात तें मोजावें. चौथ्या वर्षीं जी उरेल ती वाढवावी. एकही उरली नाहीं, तरी त्या दहांपैकीं उत्तम झाड पुढच्या संकराची माता होतें. श्रम फुकट जात नाहींत.

फांदीवरील फेर

संकरावांचूनही कधीं कधीं नवी जात मिळते. गुलाबी झाडाच्या एकाच फांदीवर पिंवळें किंवा तांबूस फूल येतें. हा फेर त्या फांदीपुरताच असतो. तेथें खूण करून फुलें ओसरल्यावर त्याच फांदीचे छाट लावावे. बुडाच्या काश्या घेतल्यास मूळचीच जात परत येते. असे फेर क्ष-किरण व गॅमा किरण यांनीं मुद्दाम आणतां येतात. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेची पुसा अनमोल ही जात थाई चेन क्वीन या जातीवर गॅमा किरणांचा प्रयोग करून मिळालेली आहे. तें काम संस्थांचें. परंतु स्वाभाविक फेर ओळखण्यास रोज बागेंत फिरणारा डोळा पुरतो.

मातृझाडें निरोगी ठेवणें

छाटांबरोबर जात वाढते तसा रोगही वाढतो. झाड खुरटें राहण्याचा एक रोग विषाणूहूनही सूक्ष्म अशा कणामुळें होतो. तो रसांतून, म्हणजे छाटण्याच्या चाकूनें व हातानेंही पसरतो, व त्यावर औषध नाहीं. म्हणून एका झाडावरून दुसऱ्यावर जातांना चाकू निर्जंतुक करून घ्यावा व संशयित झाड जाळून टाकावें. पानाच्या खालच्या अंगास पांढरे फोड दिसल्यास तो पांढरा तांबेरा समजावा. तींही पानें काढून जाळावीं, व पाणी पानांवर न देतां बुडाशीं द्यावें. माव्यावर नेहमीं लक्ष ठेवावें. निवडलेल्या जातीचीं निदान पांच मातृझाडें दोन निरनिराळ्या जागीं ठेवावीं. नवी जात प्रथम एकच झाड असते. तें गेलें तर जगांत दुसरें कोठेंही नाहीं.

दप्तर व कायदा

शेवटीं वहीसंबंधानें. कचेरींत एक म्हण आमच्या तोंडीं असे: कागदावर नाहीं तें कचेरींत नाहीं. आमच्याच तालुक्यांतील एका बागाईतदाराच्या रोपांतून एक सुरेख ठेंगणी शेवंती निघाली. त्यानें ओळखीच्या एका रोपविक्याकडे दहा-बारा छाट विश्वासानें दिले. दोन हंगामांत तीच जात दुसऱ्याच नांवानें बाजारांत आली. बागाईतदाराजवळ संकराची तारीख नव्हती, छायाचित्र नव्हतें, छाट दिल्याची पोंच नव्हती. जात त्याची हें सारा गांव जाणत होता. पण गांवाच्या जाणण्यावर दावा चालत नाहीं.

यास्तव वहींत प्रत्येक संकरास क्रमांक, प्रत्येक रोपास त्याखालीं उपक्रमांक द्यावा. जसें संकर ३, रोप १७. त्यापुढें पेरणीची तारीख, पहिल्या कळीची तारीख, उंची, फुलाचा व्यास, रंग, टिकण्याचे दिवस, व दरवर्षींचें छायाचित्र असावें. कोणास छाट दिले तर संख्या व तारीख लिहून सही घ्यावी.

आपल्या देशांत वनस्पति-वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ हा कायदा आहे. ज्या शेतकऱ्यानें स्वतः नवी जात तयार केली, त्यास व्यावसायिक पैदासकाराप्रमाणेंच नोंदणीचा हक्क या कायद्यानें दिला आहे. नव्या जातीस चार कसोट्या आहेत: ती नवीन असावी, इतर ज्ञात जातींहून वेगळी असावी, तिचीं झाडें एकरूप असावीं, व पुनः पुनः लावूनही तिचे गुण स्थिर राहावे. नवीनपणाचा अर्थ असा कीं, अर्जापूर्वीं एक वर्षाहून अधिक काळ ती जात देशांत विकली गेलेली नसावी. अर्थात् आधीं चार वर्षें विक्री व मग अर्ज, हा क्रम उलटा होय. शेवंतीसारख्या पिकास नोंदणीचें संरक्षण प्रथम सहा वर्षें व नूतनीकरणानें एकंदर पंधरा वर्षेंपर्यंत मिळूं शकतें. वर सांगितलेली वही हीच या चारही कसोट्यांचा पुरावा तयार करिते, हें सुज्ञांस सांगणें नलगे.

आपले पूर्वज जोंधळ्याचें बियाणें कणीस पाहून निवडीत व पुढच्या वर्षाकरितां जपून ठेवीत. शेवंतीची जात तयार करणें हें त्याहून निराळें शास्त्र नाहीं. तोच डोळा, तोच संयम, आणि सोबत एक वही. ज्यांस इच्छा असेल त्यांनीं येत्या मार्गशीर्षांत दोन जातींच्या दोन कुंड्या ओसरीवर जवळ जवळ ठेवून आरंभ करावा. पाव गुंठा जमीन व चार हिवाळे एवढीच याची किंमत आहे.